अस्थींचे गाठोडे : धन्यवादित ओदोरिक आणि ठाणे

जानेवारीच्या १४ तारखेला आपल्याकडे बहुधा तिळगुळाची देवघेव चाललेली असते. त्याच दिवशी उत्तर इटलीतील उदिने ह्या नगरात एका फ्रान्सिस्कन भिक्षूचे स्मरण केले जाते. १४ जानेवारी १३३१ रोजी ते तेथे मरण पावले. पोर्देनोनेचे धन्यवादित ओदोरिक हे त्यांचे नाव. आपल्या धर्मग्रामांतील वार्षिक सणांच्या यादीत ते सहसा आढळत नाही, आणि ह्याचे आम्हांला नवल वाटते. कारण ठाणे आणि सोपारा ही आपली दोन गावे ज्यांच्या चरित्रातून वगळताच येत नाहीत, अशा मध्ययुगीन धर्मपुरुषांमध्ये ओदोरिक यांचे स्थान अगदी वरचे आहे. ठाण्याला रक्तसाक्ष देऊन मरण पावलेल्या आपल्या चार धर्मबंधूंच्या अस्थी कबरीतून काढून, कापडात गुंडाळून, त्यांनी पाठीशी बांधल्या आणि समुद्रमार्गे चीनपर्यंत नेल्या.

ठाणे-वसईच्या ख्रिस्ती माणसाला एक वाक्य जन्मभर ऐकावे लागते, ते म्हणजे 'तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला.' ऐकणारा कधी चिडतो, कधी मान खाली घालतो, आणि पुष्कळदा त्यालाही ते खरेच वाटत असते. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली १५३४ साली. ओदोरिक ज्या चौघांच्या अस्थी घेऊन गेले, ते ठाण्यात मारले गेले १३२१ साली. ह्या आकड्यांचा अर्थ काय करावयाचा आणि किती करावयाचा, ह्याचा विचार पुढे करू. आधी त्या भिक्षूची ओळख करून घेऊ.

ओदोरिक यांचा जन्म तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिउली प्रांतात, पोर्देनोने शहराजवळच्या विल्लानोव्हा ह्या खेड्यात झाला. तरुणपणीच त्यांनी उदिने येथील फ्रान्सिस्कन मठात प्रवेश केला. असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांनी आपल्या अनुयायांना 'लहान बंधू' म्हणवून घेण्यास शिकविले होते; ओदोरिक यांनी ते नाव अक्षरशः पाळले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. अनवाणी चालणे, अंगाला बोचणारे केसाळ वस्त्र, पुष्कळ दिवस केवळ भाकरी आणि पाणी, एकांताची ओढ. मठातील अधिकारपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. संतचरित्रांतून अशी वर्णने इतक्यांदा येतात की वाचकाची नजर त्यांवरून घसरते. तरीही येथे ती आवर्जून दिली आहेत. कारण हा अनवाणी, एकांतप्रिय मनुष्य पुढे आपल्या काळातील सर्वांत दूरवर गेलेल्या प्रवाशांपैकी एक झाला, आणि तरीही त्याच्या प्रवासवृत्तात 'मी' हा शब्द फार जपून वापरलेला आहे.

१३१८ च्या सुमारास ते पूर्वेकडे निघाले. कॉन्स्टॅंटिनोपल, काळ्या समुद्रावरील त्रेबिझोंद, मग तब्रीझ, सुलतानिया आणि इराणातील इतर नगरे, बगदाद, आणि अखेर होर्मुझचे बंदर. तब्रीझ आणि सुलतानिया येथे फ्रान्सिस्कनांचे मठ होते, त्यामुळे वाट अगदी अनोळखी नव्हती. होर्मुझला ते ज्या जहाजात चढले, ते पाहून युरोपीय माणसाची छाती दडपावी! त्यात एकही लोखंडी खिळा नव्हता. फळ्या दोरीने शिवून जोडलेल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या कोळ्यांना असल्या शिवलेल्या नावांचे नवल वाटले नसते. ओदोरिक यांनी मात्र ही गोष्ट लक्षात ठेवून सांगितली आहे. ह्या शिवलेल्या जहाजातून २८ दिवसांत ते ठाण्याला पोहोचले. साल १३२२ च्या आसपासचे असावे.

त्यांच्या वृत्तांतातील 'ताना' म्हणजे आपले ठाणे. नगराला तटबंदी आहे, अन्नधान्याची रेलचेल आहे, पूर्वी येथे वेगळे राज्य होते पण मुसलमानांनी ते जिंकले आणि आता ते दिल्लीच्या बादशहाच्या सत्तेखाली आहे, असे ते सांगतात. देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ साली कायमचे मोडले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणजे ओदोरिक आले तेव्हा हा बदल अगदी ताजा होता. अलेक्झांडरशी लढलेला पोरस राजा येथलाच, असेही ते सांगून मोकळे होतात. ही अर्थातच कोणाकडून तरी ऐकलेली चूक आहे. परंतु डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंविषयी ते बोलू लागले की ठाणे जिल्ह्यातील वाचकाला हसू आवरत नाही. ह्या देशात उंदीर कुत्र्यांएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांचे काही चालत नाही, कुत्रीच त्यांना मारतात, असे ते लिहवितात. युरोपात कित्येक शतके ह्या वाक्यावरून त्यांना थापाड्या ठरविण्यात आले. पावसाळ्यात परसदारी घूस पाहिलेल्या आपल्यापैकी कोणी त्यांना तो दोष देईल असे वाटत नाही. कबुतराएवढी वटवाघळे त्यांनी पाहिली. झाडातून निघणारे आणि चांगलीच झिंग आणणारे एक पेय त्यांनी नोंदले. ती आपली ताडी किंवा माडी. येथील काही लोक प्रेत पुरत नाहीत, उघड्यावर नेऊन पशुपक्ष्यांसाठी ठेवतात, हेही त्यांनी टिपले. तो उल्लेख पारशांचा असावा असे अभ्यासक मानतात. त्यांच्या वृत्तांताच्या एका पाठात ठाण्याच्या लग्नाची वरात आहे. नवरानवरी एका घोड्यावर, पुढे गाणी म्हणत जाणाऱ्या मुली, आणि वधूवरांच्या डोक्यांवर पांढऱ्या फुलांनी सजविलेली, बिशपांच्या मायटरसारखी उंच टोपी. बाशिंगाचे ह्याहून नेमके वर्णन इटालियन धर्मगुरूने काय करावे?

ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची १५ घरे आहेत, अशी त्यांची आणखी एक नोंद आहे. ही माणसे पूर्वेकडील, इराणशी नाते असलेल्या ख्रिस्तसभेची होती, आणि ओदोरिक त्यांना पाखंडी म्हणतात. त्या काळच्या रोमन धर्मगुरूकडून दुसऱ्या शब्दाची अपेक्षा करता येत नाही. पुढे मैलापूर येथे संत थॉमस ह्यांच्या कबरीजवळही त्यांना नेस्टोरियनांची १५ घरेच आढळतात. दोन्ही ठिकाणी नेमकी तीच संख्या यावी, ह्यावरून आकड्याला फार घट्ट धरू नये असे आमचे मत आहे. घरे होती एवढे मात्र निश्चित; कारण त्यांतल्याच एका घरात ते चार रक्तसाक्षी उतरले होते.

त्या चौघांत वडीलकीचा मान तोलेंतिनोचे थॉमस ह्यांचा. त्यांचे आयुष्य एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. फ्रान्सिस्कन संघाने संपत्तीपासून संपूर्ण अलिप्त राहावे ह्या आग्रहापायी त्यांनी स्वतःच्याच संघाचा तुरुंगवास भोगला होता. नंतर ते आर्मेनियात गेले. चीनमध्ये एकट्याने कार्य करणारे माँतेकोर्विनोचे जॉन ह्यांचे खानबालिकहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, आलेले पत्र युरोपात पोहोचविणारे हेच थॉमस. १३०७ साली फ्रान्समधील पुवातिए येथे पोप क्लेमेंत पाचवे आणि त्यांचे कार्डिनल ह्यांच्यापुढे त्यांनी ती हकीकत मांडली, आणि त्याच वर्षी जॉन ह्यांची खानबालिकचे महागुरू म्हणून नेमणूक झाली. थॉमस ह्यांना स्वतः चीनला जावयाचे होते. १३२१ मध्ये पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियातील तिफ्लिसचे देमेत्रियस ह्यांच्यासह ते होर्मुझहून निघाले. देमेत्रियस पुरोहित नव्हते. अनेक भाषा जाणणारे साधे धर्मबंधू होते. बरोबर जॉर्डन कातालानी हे डॉमिनिकन धर्मगुरूही होते. जहाज कोल्लमला जावयाचे, पण खलाशांनी ते ठाण्याला आणले.

पुढील हकीकत ओदोरिक ह्यांनी विस्ताराने सांगितली आहे. जॉर्डन सोपाऱ्याकडील व पुढे भडोचच्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांना भेटावयास गेले. हे चौघे ठाण्यातच राहिले. ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या नवराबायकोत भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, आणि बायको तक्रार घेऊन काजीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरी आलेले परदेशी पाहुणे. ह्या घरगुती कज्ज्यातून त्यांना काजीपुढे उभे राहावे लागले. पीटर सामानापाशी घरीच थांबले होते. तेथे गोष्ट कज्ज्यावरून धर्मावर गेली, वाद वाढला, आणि थॉमस ह्यांनी महंमद पैगंबरांविषयी विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यानंतर माघार घेण्यास वाट उरली नाही. त्यांना भर उन्हात उभे करण्यात आले. जेम्स ह्यांना दोनदा आगीत टाकले, पण ते भाजले नाहीत, असे वृत्तांत सांगतो.

आज ही कथा सांगताना एक पथ्य पाळले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ती एका समाजाविरुद्ध दुसऱ्या समाजाच्या हाती देण्याचे हत्यार नव्हे; आणि ओदोरिक ह्यांनी सांगितली तशी पुरी सांगितली, तर ती तशी वापरताही येत नाही. त्यांच्याच कथनानुसार नगराचा मुसलमान अधिकारी, ज्याला ते मलिक म्हणतात, त्याने आगीचा प्रसंग पाहून ह्या माणसांना सोडून दिले आणि खाडीपलीकडच्या वस्तीत पोहोचविले. तेथे त्यांना आसरा मिळाला तो एका मूर्तिपूजकाच्या, म्हणजे आपण आज हिंदू म्हणू अशा माणसाच्या घरी. नंतर काजीने मलिकाचे मन फिरविले आणि रात्री चार माणसे पाठविली गेली. ती माणसे ह्या भिक्षूंना म्हणाली की आम्ही हे खुशीने करीत नाही. तुम्ही चांगली माणसे आहात, पण हुकूम मोडला तर आम्ही आणि आमची बायकामुले जिवंत राहणार नाहीत. थॉमस, जेम्स आणि देमेत्रियस ह्यांचा शिरच्छेद ९ एप्रिल १३२१ रोजी झाला. तो झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार होता. पीटर ह्यांना दोन दिवसांनी, ११ तारखेला, छळ करून मारले. पुढे ही बातमी दिल्लीला पोहोचताच बादशहाने मलिकाला बोलावून घेतले आणि देहदंड दिला, असेही ओदोरिक सांगतात. मारणारे, वाचविणारे, आसरा देणारे, नाइलाजाने तलवार उचलणारे आणि शासन करणारे, सगळे ह्या एकाच कथेत आहेत.

जॉर्डन वार्ता ऐकून परतले. एका जिनोव्हाच्या तरुणाच्या साहाय्याने त्यांनी आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आज ज्या नालासोपाऱ्यात आगगाडीला मुंगीलाही शिरावयास जागा नसते, ते हेच सोपारा. ह्या किनाऱ्यावर एकटे उरलेल्या जॉर्डन ह्यांची दोन पत्रे आजही उपलब्ध आहेत. ऑक्टोबर १३२१ चे पहिले पत्र घोघ्याहून लिहिलेले आहे, दुसरे ठाण्याहून. १३२९ साली पोप जॉन बाविसावे ह्यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले.

मग ओदोरिक आले. त्यांनी कबरी उघडल्या, नम्रपणे अस्थी वेचल्या, चांगल्या कापडात गुंडाळल्या, आणि एक सहकारी धर्मबंधू व एक नोकर ह्यांना घेऊन ते पुढे निघाले. हा निर्णय कोणी घेतला, परवानगी कोणाची, ह्याविषयी वृत्तांतात फापटपसारा नाही. एवढे कळते की आपल्या माणसांच्या अस्थी आपल्या मठात असाव्यात, ही त्यांची इच्छा होती, आणि संघाचा भरवशाचा मठ चीनच्या किनाऱ्यावर होता. 

वाटेतील तीन प्रसंग त्यांनी सांगितले आहेत. एका घरी अस्थींचे गाठोडे उशाला घेऊन ते झोपले असता घराला आग लावण्यात आली. सोबती बाहेर पळाले, ओदोरिक आतच राहिले. घराचे तीन कोपरे जळाले. चौथा, जेथे ते अस्थी घेऊन बसले होते, तो ते बाहेर पडेपर्यंत जळाला नाही. दुसरा प्रसंग कोल्लमकडे जाताना समुद्रावरचा. वारा पडला. मूर्तिपूजकांनी आपल्या देवांची प्रार्थना केली, मुसलमानांनी आपली केली, वारा काही येईना. मग ह्या भिक्षूंना सांगण्यात आले की आता तुम्ही करा. नाही तर ही हाडे समुद्रात जातील. त्यांनी पवित्र मरियेच्या सन्मानार्थ मिस्सांचा नवस बोलला. तरीही वारा नाही. तेव्हा ओदोरिक ह्यांनी एक हाड नोकराच्या हाती दिले आणि नाळेवर जाऊन ते गुपचूप पाण्यात सोडण्यास सांगितले. वारा सुटला, तो बंदर येईपर्यंत थांबला नाही. तिसरा प्रसंग मोठ्या जहाजातला. कोल्लमहून पुढे ज्या चिनी जहाजात ते चढले, त्यात ७०० माणसे होती. बंदरात शिरण्यापूर्वी प्रेताची हाडे कोणी आणली आहेत की काय, ह्याची कसून झडती घेण्याची तेथे चाल होती. गाठोडे लहान नव्हते, तरी ते कोणालाच सापडले नाही.

ह्यांना चमत्कार म्हणावे की योगायोग, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पण सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तिन्ही प्रसंगांत श्रेय हाडांना आहे; हाडे वाहणाऱ्याला नाही. आपल्या प्रार्थनेने वारा आला नाही, हे ओदोरिक स्वतः सांगतात. पुढील काळातील लेखकांनी त्यांच्या नावावर हजारो बाप्तिस्मे जमा केले. त्यांच्या स्वतःच्या वृत्तांतात असला हिशेब नाही. ठाण्यासंबंधी ते आणखी एक लहानशी गोष्ट सांगतात, ती आम्हांला ह्या सर्व चमत्कारांहून जवळची वाटते. ज्या जागी ते चौघे मारले गेले, तेथील माती लोक नेत, पाण्यात कालवून आजाऱ्याला पाजीत, आणि आजारी बरे होत. हे करणारे केवळ ख्रिस्ती नव्हते. मूर्तिपूजक होते, मुसलमानही होते. आपल्या मुलखात सत्पुरुषाच्या जागेची माती कपाळाला लावताना धर्माची चौकशी कोण करतो? सातशे वर्षांपूर्वीही बहुधा कोणी केली नाही.

अस्थी झैतून ह्या बंदरी, म्हणजे आजच्या क्वानझौ येथे, फ्रान्सिस्कनांच्या मठात ठेवण्यात आल्या. तेथे संघाचे दोन मठ होते. तेथील बिशप पेरुजियाचे अँड्र्यू ह्यांनी १३२६ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात, भारतात चार धर्मबंधू मारले गेल्याचा आणि त्यांतील एकाला दोनदा आगीत टाकूनही तो वाचल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ठाण्याची हकीकत ओदोरिक ह्यांचे पुस्तक लिहिले जाण्याच्या चार वर्षे आधी चीनमध्ये पत्रातून लिहिली गेली होती. इतिहासाच्या दृष्टीने ही साक्ष मोलाची आहे. ज्या चीनहून आलेले पत्र थॉमस ह्यांनी पोपसाहेबांपर्यंत नेले, आणि जेथे जाण्यासाठी ते जहाजात चढले, तेथे ते अखेर पोहोचले ते असे, ओदोरिक ह्यांच्या पाठीवरून.

आता ते आकडे. १३२१ आणि १४९८ ह्यांत १७७ वर्षांचे अंतर आहे. त्या आधारावर आपला धर्म पोर्तुगीजांच्या पूर्वीचा, असे छाती काढून म्हणता येईल काय? ख्रिस्ताचे नाव ह्या किनाऱ्यावर त्याआधी घेतले जात होते, ठाण्यात ख्रिस्ती घरे होती, आणि सोपाऱ्यात बाप्तिस्मे झाले होते, असे खात्रीने म्हणता येते. पण आजच्या आपल्या कुळांचा त्या घरांशी अखंड संबंध जोडता येत नाही. चौदाव्या शतकातील त्या लहान कळपापासून सोळाव्या शतकातील वसईच्या धर्मग्रामांपर्यंत येणारी साखळी कागदोपत्री सापडत नाही. आपले बहुतेक पूर्वज पोर्तुगीज काळातच ख्रिस्ती झाले, हे सत्य आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. तेव्हाही किनाऱ्यावर पहिल्यांदा राबणाऱ्यांत फ्रान्सिस्कनच होते, आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया, जे १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मरण पावले, तेही फ्रान्सिस्कन धर्मबंधूच. तरीही १३२१ चे ते चौघे कोणत्याही राजाच्या आरमाराबरोबर आले नव्हते, हा भेद लहान नाही. त्यांच्यामागे तोफा नव्हत्या, सनदा नव्हत्या. एका भांडखोर नवराबायकोच्या घरातील ओसरी तेवढी होती. 'तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला' असे म्हणणाऱ्याला चिडून उत्तर देण्याऐवजी ही हकीकत सांगावी, ह्या मताचे आम्ही आहोत.

चीनमध्ये ओदोरिक ह्यांनी पुष्कळ पाहिले. हांगझौचे विशाल नगर, पाणकावळ्यांकडून मासे पकडविणारे कोळी, स्त्रियांचे बांधून लहान केलेले पाय. मार्को पोलोने न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडून युरोपला कळल्या. खानबालिकला ते तीन वर्षे राहिले. तेथे महागुरू जॉन ह्यांचा वृद्धापकाळ चालू होता. खान नगरात येत असता भिक्षू क्रूस घेऊन सामोरे गेले, तेव्हा त्याने शिरस्त्राण काढून क्रुसाचे चुंबन घेतले. रिक्त हस्ते भेटावयाचे नाही म्हणून ह्या भिक्षूंनी त्याला काय दिले? थाळीतून काही सफरचंदे! त्याने एकदोन उचलली. परतीचा प्रवास खुष्कीच्या मार्गाने मध्य आशियातून झाला. ते तिबेटात खरोखर शिरले होते की केवळ ऐकीव वर्णन करतात, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि आमच्या विषयाशी त्याचा संबंधही नाही.

१३३० च्या मे महिन्यात, पादुआ येथे संत अंतोनींच्या मठात, ओदोरिक ह्यांनी आपली हकीकत सोलान्याचे विल्यम ह्या धर्मबंधूला तोंडी सांगितली आणि त्याने ती साध्या लॅटिनमध्ये उतरवून घेतली. वरिष्ठांनी आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन सांगावयास लावले, म्हणून त्यांनी सांगितले. अखेरीस त्यांनी प्रतिज्ञेवर नमूद केले आहे की हे सर्व मी स्वतः पाहिले किंवा विश्वासू माणसांकडून ऐकले. पुष्कळ गोष्टी सोडूनही दिल्या, कारण न पाहता त्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि त्याच ओघात एक गोष्ट येते. त्या देशांत परत जाण्याची आपण रोज तयारी करीत आहोत, आणि देवाची इच्छा असेल तर तेथेच मरावयास आपण राजी आहोत. बारा वर्षांनी घरी आलेल्या थकल्या माणसाचे हे मागणे होते.

पूर्वेकडे नेण्यासाठी ५० धर्मबंधू मागावेत म्हणून ते आव्हिन्यों येथे पोपसाहेबांच्या भेटीस निघाले. वाटेत पिसा येथे आजारी पडले, मागे फिरले, उदिनेच्या आपल्या मठात आले आणि नवे वर्ष उजाडून दोन आठवडे होतात न होतात तोच त्यांनी डोळे मिटले. मठवासीयांनी त्याच दिवशी त्यांना साधेपणाने पुरण्याचे ठरविले. संघातील एक म्हातारा भिक्षू गेला, त्यात गाजावाजा कसला! पण नगराच्या मुख्य अधिकाऱ्याला हे कळले. तो ओदोरिक ह्यांना ओळखत होता. त्याने दफनविधी थांबविला आणि मोठ्या समारंभाने अंत्यविधी करण्याची व्यवस्था केली. मग लोक लोटले. हातापायांचे मुके घेणारे, झग्याचे तुकडे कापून नेणारे, दाढीचे केस कापून घेणारे. भक्ती आणि हावरेपणा ह्यांची सीमा अशा वेळी पुसट होते. आपल्याकडील यात्रांत हे आपण पाहतोच. आजारी बरे झाल्याच्या वार्ता पसरल्या. आक्विलेयाचे धर्माधिपती पागानो देल्ला तोर्रे स्वतः आले, आणि त्यांनी चमत्कारांची चौकशी करविली. सुमारे ७० प्रसंग नोंदले गेले. नगराने खर्च करून व्हेनिसच्या फिलिप्पो दे सांक्तिस ह्या शिल्पकाराकडून संगमरवरी शवपेटी घडवून घेतली. ती आज उदिने येथील कार्मेल मातेच्या चर्चमध्ये आहे.

ह्यानंतर ओदोरिक ह्यांचे दोन वेगळे लौकिक झाले. उदिनेच्या लोकांना ते रोग बरे करणारे सत्पुरुष म्हणून ठाऊक. उर्वरित युरोपला ते नवलकथा सांगणारे प्रवासी म्हणून. त्यांच्या पुस्तकाच्या शंभराहून अधिक हस्तलिखित प्रती आजही टिकून आहेत. पुढे 'सर जॉन मँडेव्हिल' ह्या नावाने निघालेल्या प्रवासग्रंथात त्यांच्या वृत्तांतातील पाने बेधडक उचलण्यात आली, तो ग्रंथ अफाट खपला, आणि मँडेव्हिलच्या थापा उघडकीस आल्या तेव्हा ओदोरिक ह्यांच्याकडेही संशयाने पाहण्यात येऊ लागले. चोराच्या बदनामीत घरधनी सापडावा, तसा हा प्रकार. १८६६ साली हेन्री यूल ह्यांनी त्यांचा वृत्तांत इंग्रजीत सटीप प्रसिद्ध केला आणि एकेक तपशील पारखून दाखविला, तेव्हा त्यांची प्रामाणिकता पुन्हा उजेडात आली. ख्रिस्तसभेने त्यापूर्वीच, १७५५ साली, पोप बेनेदिक्त चौदावे ह्यांच्या कारकीर्दीत त्यांच्या वंदनेस मान्यता दिली होती. मृत्यूनंतर ४२४ वर्षांनी! तोलेंतिनोच्या थॉमस ह्यांना तर १८९४ पर्यंत थांबावे लागले. त्यांचे मस्तक त्यांच्या जन्मगावी नेण्यात आले होते, अशी तेथील परंपरा आहे. सिएनाच्या संत फ्रान्सिस चर्चमध्ये आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती ह्या थोर चित्रकाराने फ्रान्सिस्कनांच्या रक्तसाक्षीचे एक भित्तिचित्र काढलेले आहे. त्यातील प्रसंग ठाण्याचाच, असे काही कलाभ्यासक मानतात, कारण पीटर तेथलेच होते.

ओदोरिक ह्यांच्या प्रवासातील सोबत्याविषयी वृत्तांत जवळजवळ मुका आहे. ते जेम्स नावाचे आयरिश धर्मबंधू होते, हे आपल्याला उदिने नगराच्या हिशेबवहीतून कळते. एप्रिल १३३१ मध्ये, म्हणजे ओदोरिक ह्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, त्या वहीत एक खर्च पडला आहे. धन्यवादित ओदोरिक ह्यांचे सोबती, आयर्लंडचे बंधू जेम्स ह्यांना, देवाच्या आणि ओदोरिकच्या प्रेमाखातर, दोन मार्क.